कान कुणाचे, गाणे कुणाचे?



‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडचा अल्बम तुमच्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? ऐकला नसेल तर काही बिघडत नाही. तो ऐकाच असा आग्रह धरण्यासाठी हा लेख नाही. तो अल्बम ऐकणारे लोक कसे ऐकतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. तसे आपण वामनदादांना का ऐकत नाही, हा प्रश्न आम्हाला आपल्याच पोरांना विचारायचा आहे. राग येईल. येऊ द्या. पण शेवटपर्यंत वाचा.

समाजशास्त्रात एम.ए. करायला वाशिम जिल्ह्यातून आम्ही दोघे-तिघे मोठ्या शहरात गेलो, तेव्हाची गोष्ट. ओळखीच्या एका मुलाच्या फ्लॅटवर रात्री पाच-सहा जण जमायचे. दिवे बंद, फोन बंद, मध्ये बोलायचे नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सुमारे ४३ मिनिटे सगळे गप्प. संपल्यावर तासभर चर्चा: गिटार कुणी वाजवली, ध्वनिमुद्रण कुणी केले, घड्याळांचे आवाज कुठून आणले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे सगळे थोतांड वाटले. तिसऱ्या वेळी मात्र अंगावर काटा आला, हे कबूल करतो. त्याच रात्री आम्ही म्हणालो, पुढच्या वेळी आमच्याकडची भीमगीते ऐकू. त्यावर एक जण हसून म्हणाला, ‘‘अरे, ते ऐकायचं नसतं ना? ते मिरवणुकीत वाजवायचं असतं.’’

त्या वाक्याचा डंख आजही गेलेला नाही. बोलणारा दुष्ट नव्हता. उलट तो स्वतःला पुरोगामी म्हणवायचा. आणि दुसरे कारण जास्त वाईट आहे: त्याला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला सुचले नव्हते.

आधी त्या अल्बमबद्दल. तो १ मार्च १९७३ रोजी आला. विषय काय? पैसा, वेळ, युद्ध, मरण, वेड लागणे. सुरुवातीला आणि शेवटी हृदयाचे ठोके. अनेक गाणी अशी जोडलेली की एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले ते कळू नये. पैशावरच्या गाण्याला नाण्यांचा आणि गल्ल्याच्या यंत्राचा आवाज हाच ठेका. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. पन्नास वर्षे उलटली तरी लोक तो अख्खा ऐकतात, सुटा सुटा ऐकत नाहीत.

आमच्या लक्षात राहिली ती आणखी एक गोष्ट. गीतकार रॉजर वॉटर्सने लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत असलेल्या लोकांना काही प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे ध्वनिमुद्रित केली. त्यात बीटल्सचा जगप्रसिद्ध पॉल मॅकार्टनी होता, आणि स्टुडिओचा आयरिश दारवान जेरी ओड्रिस्कॉलही होता. मॅकार्टनीची उत्तरे सावध, ठरवून दिल्यासारखी वाटली म्हणून ती गाळली. दारवानाची ठेवली. अल्बमच्या अगदी शेवटी ऐकू येतो तो याच दारवानाचा आवाज. आणि जगभरच्या चाहत्यांना त्या दारवानाचे नाव पाठ आहे.

आता सांगा, आपल्या जयंतीला ज्या गाण्यांवर आपण चार-चार तास नाचतो, त्यांतल्या किती गाण्यांचा कवी तुम्हाला ठाऊक आहे? गायक एखादे वेळी सांगाल. ढोलक कुणी वाजवली?

आधी समोरच्या बाजूचा हिशोब करू, म्हणजे आम्ही फक्त आपल्यांवरच घसरलो असे कुणी म्हणायला नको. ‘संगीताला जात नसते’ हे वाक्य आम्ही त्या फ्लॅटमध्ये अनेकदा ऐकले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिअ यांनी १९७९ च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात दाखवून दिले की आवडनिवड ही निरागस गोष्ट नाही. काय ऐकायचे, कसे ऐकायचे, कशावर नाक मुरडायचे, हे माणूस घरातून, शाळेतून, वर्गातून शिकतो आणि मग त्यालाच ‘माझी अभिरुची’ म्हणतो. बुर्दिअच्या फ्रान्समध्ये हे वर्गाने ठरत होते. आपल्याकडे त्यात जात आधीपासून बसलेली आहे. हजारो मैलांवरच्या दारवानाचा आवाज ज्यांना काळजाला भिडतो, त्यांना आपल्या शहरातल्या वस्तीतून येणारा ढोलकीचा आवाज फक्त ‘ध्वनिप्रदूषण’ वाटतो. हा कानाचा दोष नाही. कान कुणाकडे वळवायचे, हे त्यांना लहानपणापासून शिकवले गेले आहे.

१९७३ हे साल घ्या. लंडनमध्ये पैशावरचे गाणे आले तेव्हा महाराष्ट्र ७२ च्या दुष्काळात होरपळत होता, आपल्या आज्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. दलित पँथर आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये उभी राहिली होती. आणि त्याच १९७३ मध्ये वामनदादा कर्डकांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह निघाला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेला, शाळा न मिळालेला, मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकलेला हा माणूस. त्याने हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव पायपीट करून गायली. पैसा, भूक, मरण, माणसाचे माणूसपण हे विषय त्याच्याकडेही होते. शिवाय जात होती, जी त्या इंग्रज पोरांना माहीतच नव्हती. एकाच वर्षीच्या या दोन कलाकृती. एकीवर जगभर पुस्तके निघाली, माहितीपट निघाले. दुसरीचे नाव मराठीत एम.ए. झालेल्या किती जणांना माहीत आहे?

रॉक ऐकणाऱ्या मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे: तुमचा रॉजर वॉटर्स तुमच्यापेक्षा बरा ऐकणारा निघाला. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या एका निषेध सभेत त्याने आमिर अझीझ या तरुण भारतीय कवीची कविता, कवीचे नाव घेऊन, इंग्रजीत वाचून दाखवली. तुम्ही तुमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका शाहिराचे नाव घेऊन दाखवा.

पण आता आपल्या घरात या.

आपल्या वाशिम, रिसोड, कारंजा, मालेगाव, मंगरुळपीर, मानोऱ्यात १४ एप्रिलला काय होते, ते आपल्याला माहीत आहे. ट्रकवर भिंतीएवढे साउंड. वर्गणीचा मोठा वाटा तिथेच जातो. गाण्याचे एक कडवे, मग धाड-धाड, मग दुसऱ्या गाण्याचे अर्धे कडवे. शब्द ऐकू येत नाहीत, आणि शब्द ऐकू यावेत अशी कुणाची अपेक्षाही नसते. त्या मित्राने आम्हाला हसून सांगितले होते, तेच आपण दरवर्षी खरे करून दाखवतो.

इथे कार्यकर्ते एक मुद्दा मांडतील आणि तो खरा आहे. ज्या रस्त्यावर आपल्या पणज्याला पायात चप्पल घालून चालता येत नव्हते, त्या रस्त्यावर आपली पोरे नाचतात, यात मुक्ती आहे. आम्ही स्वतः नाचलो आहोत, पुढेही नाचू. आणि बाकीचे सगळे उत्सव डीजेवर चालत असताना फक्त आपल्याच जयंतीला आवाजाचा नियम आठवणाऱ्यांची जात आम्ही ओळखतो. पण नियम त्यांनी आठवला म्हणून तो खोटा ठरत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपला ट्रक सर्वात जास्त वेळ कुठे उभा असतो? आपल्याच वस्तीत, आपल्याच म्हाताऱ्यांच्या आणि पाळण्यातल्या लेकरांच्या कानाशी. नाच आपला हक्क आहे. पण ज्याच्या शब्दांनी आपल्याला रस्त्यावर आणले, त्याचे शब्द त्याच रस्त्यावर बुडवायचे, हा कुठला हक्क?

मालेगाव तालुक्यातल्या एका गावात गायन पार्टी चालवलेले एक बाबा आहेत. पेटी आता माळ्यावर आहे, ढोलकीची शाई उडाली आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी चार वह्या काढून दाखवल्या. काही गाणी वामनदादांची, काही स्वतःची, काही अशा कवींची ज्यांची नावे आज कुणालाही सांगता येणार नाहीत. दोन वह्यांना वाळवी लागलेली. कॅसेटचा एक डबा मुलाने भंगारात दिला होता. बाबा तक्रार करत नव्हते. फक्त एवढे म्हणाले, ‘‘बापू, जयंतीत माह्यं एक गानं वाजलं परवा. पन ते कोनाचं हाय, हे पोट्ट्यायले माईत नव्हतं. म्याही सांगतलं नाही.’’

‘म्याही सांगतलं नाही.’ मित्रांनो, हे वाक्य आपल्या चळवळीचा पराभव आहे.

गायन पार्टीची रात्र तुम्ही पाहिली असेल तर आठवा. आधी वंदना, मग बुद्धाची गाणी, मग बाबासाहेबांची, मग रमाईची, मध्यरात्रीनंतर सवाल-जवाब, आणि पहाटे समाजाला जाब विचारणारी गाणी. त्यात क्रम होता, चढ होता, एका गाण्याने दुसऱ्याला दिलेले उत्तर होते. त्याआधी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यात शाळा, सत्याग्रह, मेलेली ढोरे ओढणे सोडणे हे विषय घातले. लोक रात्रभर बसून ऐकत आणि सकाळी गावकीचे काम नाकारत. ज्याला ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणून आज नावाजतात, तसे सलग, एका सूत्रात बांधलेले गाणे आपल्या आजोबांनी कंदिलाच्या उजेडात ऐकले आहे. गप्प बसून, पूर्ण ऐकणे ही फ्लॅटमधल्या पोरांची मिरास नाही. ती आपली सवय होती, आपण ती सोडली.

आता नुसत्या वाहवावर भाळणाऱ्यांसाठी त्याच अल्बममधली एक गोष्ट. त्यात एक गाणे आहे ज्याला शब्दच नाहीत, फक्त एका बाईचा आक्रोशासारखा आवाज. क्लेअर टॉरी तिचे नाव. जानेवारी १९७३ मध्ये तिला स्टुडिओत बोलावले आणि ३० पौंड दिले. तिने ते सूर जागेवर रचले. गायिका म्हणून तिचे नाव छापले गेले, पण रचनेत वाटा नाही. कोट्यवधी लोकांनी तीस वर्षे तो आवाज ऐकून डोळे मिटले, रडले. त्या रडण्याने तिला एक पौंड जास्त मिळाला नाही. शेवटी २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि रिचर्ड राइटच्या जोडीने संगीतकार म्हणून तिचे नाव लागले. ऐकणाऱ्यांच्या प्रेमाने जे झाले नाही, ते हक्क मागितल्यावर झाले.

आपल्याकडे हा हक्क मागायला कायदा नाही असे समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतावर कवीचा हक्क त्याच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत आहे. आपल्या रचनेवर आपले नाव सांगण्याचा कवीचा हक्क तर हक्क विकल्यावरही जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिले आणि गायक-वादकांनाही नावाचा हक्क दिला. हे आपल्या किती शाहिरांना कुणी सांगितले? यूट्यूबवर भीमगीताच्या रिमिक्सखाली डीजेचे नाव ठळक, ट्रकमालकाचे नाव ठळक, आणि कवीची जागा रिकामी. संविधानाच्या नावाने घोषणा देणाऱ्या आपल्याच पोरांनी हे करावे?

आपला वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची लेणी फुलली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, दान कुणी दिले ते त्यात कोरलेले आहे. बुद्धाचा चेहरा ज्यांनी घडवला, रंगवला, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. दात्याचे नाव राहते, कारागिराचे पुसले जाते, ही या देशाची जुनी रीत आहे. मंडळाच्या बॅनरवर देणगीदारांचे फोटो आणि कवीचे नाव नाही, तेव्हा आपण तीच रीत चालवत असतो.

म्हणून येत्या १४ एप्रिलपर्यंत प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने एवढे करावे. १३ तारखेच्या रात्री विहारात एक तास दिवे मंद करा, फोन बाहेर ठेवा आणि एकाच शाहिराची गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आधी कवीचे, गायकाचे, पेटी-ढोलकवाल्याचे नाव सांगा. मिरवणुकीत वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याआधी माइकवरून कवीचे नाव घ्या. दहा सेकंद लागतात. गावातल्या जुन्या गायन पार्टीच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढा, कॅसेट भंगारात जाण्याआधी मागून घ्या. आणि वर्गणीतला साउंडचा आकडा कमी करून, गावातल्या जिवंत कलावंताला मानधन द्या, सत्काराचा नारळ नको.

त्या फ्लॅटमधल्या मित्राला द्यायचे उत्तर आमच्याकडे आता आहे. पण ते तोंडाने देऊन उपयोग नाही. त्याला एकदा १३ एप्रिलच्या रात्री आपल्या विहारात आणून बसवू. त्या रात्री आपण गप्प बसून ऐकत असू, तरच.

जयभीम!