बेपत्ता कोण?

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी राजभवनात शपथविधी झाला. २६ तारखेला ते सरकार कोसळले. या चार दिवसांत शहापूरचे नाव वृत्तवाहिन्यांवर झळकले, ते आमदार दौलत दरोडा ‘बेपत्ता’ असल्याच्या तक्रारीमुळे. आमदार परतले, बातमी संपली. त्याच सुमारास शहापूर-मुरबाडचा शेतकरी अवकाळी पावसाने नासलेल्या भाताच्या भरपाईची वाट पाहत होता. मुंबईची तहान भागवणाऱ्या भातसा-तानसाच्या परिसरातील पाडे उन्हाळ्यात टँकरवर जगतात, तेही कॅमेऱ्याला क्वचितच दिसते. आमदारांची मोजदाद ही बातमी आहेच; परंतु ज्यांच्या मतांवर ती मोजदाद उभी आहे, तो मतदारच पडद्यावरून बेपत्ता असेल, तर त्याची तक्रार कोणी नोंदवायची? ती जागरूक वाचकांनी आणि प्रेक्षकांनीच नोंदवली पाहिजे.