मुरघासातले जिवंत मदतनीस

मक्याची कणसं चिकात आली की गावोगावी कुट्टी यंत्रं धडधडू लागतात, मुरघासाचे खड्डे आणि पिशव्या भरू लागतात. या घाईत जिवाणू संवर्धकाची पुडी अनेकांना फुकटचा खर्च वाटते. पण तिचं काम समजून घ्यायलाच हवं. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जिवाणू चाऱ्यातल्या साखरेपासून झपाट्यानं लॅक्टिक आम्ल बनवतो. सामू ४ च्या आसपास उतरतो आणि चारा सडवणाऱ्या जिवाणूंना वाव उरत नाही. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी सावकाश ॲसिटिक आम्ल तयार करतो; त्यामुळे खड्डा उघडल्यावर यीस्ट आणि बुरशी आटोक्यात राहते, मुरघास लवकर तापत नाही. मात्र हे जिवाणू जिवंत असतात. पुडी उन्हात तापली किंवा क्लोरीनच्या पाण्यात कालवली, तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा. शिवाय ६५ ते ७० टक्के ओलावा, बारीक कुट्टी, ट्रॅक्टरनं दाबून काढलेली हवा आणि घट्ट झाकण यांना पर्याय नाही. आधी ही शिस्त पाळा, मग संवर्धक जरूर वापरा. भर उन्हाळ्यातही बुरशी नसलेली वैरण मिळणं हा दावणीच्या जनावराचा हक्क आहे.