शेत कपाशीचे, ताट रेशनचे

जानेवारी 2025 मध्ये आपल्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड भागात लोकांचे केस अचानक गळू लागले. आयसीएमआरचे पथक येऊन गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले, त्यावर वादही झाला. त्या वादात मी पडत नाही. मला पडणारा प्रश्न निराळा आहे. घरी शेती असूनही खायचे धान्य बाहेरून का यावे?

शिवारात कपाशी आणि सोयाबीन. दोन्ही विकायची पिके. ज्वारी गेली, तिच्यासोबत कडबा गेला, कडब्यामागे गाय-म्हैस गेली. आता दूध पिशवीतून येते, तेही चहापुरते. ओळींत बाया टाकायच्या ती अंबाडी, बरबटी तणनाशकाने संपवली.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या मी देतोच, त्या घ्याच. पण पोळी आणि चहावर रक्त किती वाढणार?

नगदी पीक सोडा, असे मी म्हणणार नाही. दवाखान्याचे नि शाळेचे पैसे त्यातूनच येतात. ज्वारीला पाखरं, रानडुकरं छळतात, हेही खरे. तरी अर्धा एकर ज्वारी, कपाशीत तुरीची तासे, धुऱ्यावर शेवगा-अंबाडी जमण्यासारखे आहे. आणि तूर निघाली की वर्षाची डाळ घरात ठेवूनच बाकीची बाजार समितीत न्या. जानेवारीत तूर विकून उन्हाळ्यात दुकानातून डाळ घेणारी घरे मला माहीत आहेत. बियाणे आणायला निघण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा, वर्षाला काय किती लागते.