गोठ्याच्या दारावरचा जागता डोळा



निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे मळ्यात राहणाऱ्या घरांना बिबट्या आता नवा राहिलेला नाही. ऊस दाट, पाणी जवळ, आणि वस्तीवर कुत्री-शेळ्या. त्याला आणखी काय हवे? मादी तर पिलेही उसातच घालते. आपल्या सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावून पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सुमारे पाच मोठे बिबटे निघाले, आणि तेही माणसांच्या भरवस्तीत.

अशा कॅमेऱ्यापाशी रात्री कोणी बसत नाही. जनावर समोरून गेले की तो आपोआप फोटो काढतो. त्यात बहुधा उष्णता ओळखणारा एक डोळा असतो. तसाच डोळा आज बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळतो. 'पी.आय.आर. सेन्सर' म्हणून मागावा. घरातले आठवी-नववीतले पोर तो गोठ्यावर बसवू शकेल.

तो काम कसे करतो ते आधी पाहू. चुलीतला जाळ विझला तरी तिच्यापुढे हात धरला की ऊब लागते. ही ऊब न दिसणाऱ्या किरणांतून येते. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्याही पलीकडे तापमापक ठेवला. तेथे काहीच दिसत नव्हते, तरी पारा चढला. हीच अवरक्त किरणे. माणूस, शेळी, बिबट्या, सर्वांच्या अंगातून ती निघतात. सेन्सरमध्ये ही किरणे पाहणारे दोन कप्पे शेजारी-शेजारी असतात. उबदार अंग एका कप्प्यासमोरून दुसऱ्यासमोर गेले की दोघांत फरक पडतो, आणि सेन्सर तारेतून निरोप देतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, आडवे जाणारे जनावर त्याला चटकन कळते, सरळ अंगावर येणारे उशिरा कळते. म्हणून सेन्सर वाटेच्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर लावावा. दुसरी, हवा अंगाइतकीच तापली की त्याला फरक कळेनासा होतो. निफाडच्या थंडीत तो उत्तम चालेल, वैशाखातल्या दुपारी चुकेल. तिसरी, सापाचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गरम-थंड असते, म्हणून साप त्याला सहसा कळत नाही. बॅटरी हातात घेऊन पायाखाली पाहण्याची सवय सोडू नका.

सेन्सर नुसता निरोप देतो. त्यावर काय करायचे हे ठरवायला छोटा मेंदू लागतो. 'आर्डुइनो' नावाची हातभर नव्हे, तळहाताएवढी पट्टी हे काम करते. ती इटलीत २००५ साली विद्यार्थ्यांसाठीच तयार झाली. सेन्सरला तीन तारा जोडायच्या असतात. एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची आणि एक निरोपाची. कोणती कुठली हे पांढरा घुमट हलकेच काढला की पट्टीवर लिहिलेले दिसते. अंदाजाने जोडू नये, उलटी जोडली तर सेन्सर जळू शकतो. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून बारा व्होल्टची बॅटरी घ्यावी आणि गाडीत मोबाईल चार्ज करतात तसल्या चार्जरने पाच व्होल्ट काढावेत. दिवाही बारा व्होल्टचाच रिलेवर चालवावा. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेला मुलांनी हात लावू नये, ते काम वायरमनचे.

मुलांनी प्रोग्राम असा लिहावा: सुरू केल्यावर पहिला एक मिनिट सेन्सरचे ऐकू नये, कारण तेवढा वेळ त्याला स्थिर व्हायला लागतो. निरोप येताच गोठ्याचा दिवा दोन मिनिटे लावावा आणि घरात घंटी पाच सेकंद वाजवावी. पुढची पाच मिनिटे घंटी पुन्हा वाजवू नये. रात्रभर घंटी वाजत राहिली तर तिसऱ्या दिवशी घरचेच तिची तार उपटतील.

सेन्सरचे तोंड शेळ्यांकडे, चुलीच्या धुराड्याकडे किंवा हलत्या फांदीकडे करू नका. पावसासाठी डबीत बसवा, पण पुढे काच लावू नका, काचेतून ही किरणे पार जात नाहीत. घुमट तेवढा बाहेर ठेवा. त्याची नजर साधारण सहा-सात मीटर पोहोचते. रात्री घरच्या दोघांनी मिळून तपासावे. एकाने अंगणातून आडवे चालावे, दिवा लागेल तिथे दुसऱ्याने फक्कीची खूण करावी. खुणेबाहेरचे त्याला दिसत नाही, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आधी गोठा चारी बाजूंनी आणि वरून जाळीने बंद करा, मग सेन्सर लावा. दिवा जनावराला अडवीत नाही. कुंपणात वीज सोडण्याचा विचारही करू नका, त्यात आपलेच माणूस मरते आणि तो गुन्हाही आहे. घंटी वाजली की दार उघडून धावू नका. खिडकीतून पाहा, आवाज करा. बिबट्या असेल तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

घंटी वाजली म्हणजे बिबट्याच आला असे नव्हे, मांजरही असेल. पण घंटी वाजली नाही म्हणजे अंगण मोकळे आहे, असेही समजू नका. पहाटे लेकीसुनांना बाहेर पडावे लागते, लहान पोर दाराशी उकिडवे बसते. त्यांच्याबरोबर मोठे माणूस आणि हातात बॅटरी हवीच. हा डोळा रात्रभर जागा राहील, पण राखण शेवटी आपणच करायची आहे.