मागच्या ब्रेकचा लायनर : स्वस्त सामान, महाग हयगय

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीचे किती वाचतील याचा हिशोब पारापारावर झाला. त्याच दिवसापासून वाहनांच्या सुट्या भागांनाही सरसकट १८ टक्के दर लागू झाला, त्याची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकात लायनर किती उरलाय, हे तर आपण विचारतच नाही.

आता आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले. हे सगळे ब्रेकमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. वेग आहे, दारू आहे, डोक्यावर हेल्मेट नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे प्रस्ताव आमच्या कृषी खात्याकडेच येतात. मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. त्या कागदांत पंचनामा असतो, दाखले असतात. लायनर कितपत झिजला होता हे त्यांत लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडे मागचाच ब्रेक लवकर का जातो? एक म्हणजे सवय. खडीवर, मुरमावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी घसरते, हे लहानपणापासून ऐकलेले असते. ते अर्धेच खरे आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर झुकतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. आपण मात्र तिथेही फक्त पायावर भिस्त ठेवतो. दुसरे कारण ओझे. मागे दुधाचे दोन कॅन, नाहीतर वैरणीची पेंढी, नाहीतर खताची गोणी आणि वर एक माणूस. तिसरे कारण पाणंद. चिखलपाणी ड्रममध्ये शिरते, बारीक वाळू लायनर आणि ड्रमच्या मधे बसते आणि कानस मारल्यासारखे दोन्ही घासत राहते. काहींचा तर पायच कायम पेडलवर टेकलेला असतो. त्यांचा लायनर घरी बसून खाल्ल्यासारखा संपतो.

झीज ओळखायला चाक खोलावे लागत नाही. मागच्या चाकाशी, ब्रेकच्या रॉडला जोडलेला जो लिव्हर असतो, त्याच्या बुडाशी बहुतेक गाड्यांना बाणाची खूण असते आणि शेजारी झाकणावर दुसरी खूण. पेडल पूर्ण दाबून धरा आणि दुसऱ्याला बघायला सांगा. बाण त्या खुणेला भिडला की लायनर संपला. चाक खोललेच असेल तर मोजा : दोन मिलिमीटरपर्यंत आला की तो बदलायचा, मग "अजून महिनाभर जाईल" हे ऐकायचे नाही. पेडलची मोकळी चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सोबतच्या पुस्तिकेत असतो. रॉडचा नट आवळून आवळून शेवटच्या आट्यांवर आला असेल, तर तोही इशाराच समजा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. नटाचे आटे संपले की काही कारागीर लिव्हर काढून कॅमच्या दात्यांवर एक-दोन घरे मागे बसवतात. ब्रेक पुन्हा लागल्यासारखा वाटतो, पैसेही वाचतात. पण लायनर झिजलेला तो झिजलेलाच. कॅम जास्त फिरून आडवा पडला तर परत येत नाही आणि चाक जागच्या जागी जाम होते. शूच्या टोकाखाली पत्रा घालण्याचा उद्योगही त्यातलाच. दोन-तीनशे रुपयांच्या आसपास जोडी मिळते, त्यासाठी हा जुगार कशाला?

बदलताना दोन्ही शू एकदम बदला, स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर त्याही. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ते फुप्फुसाला घातक. स्वस्त मालात काय आहे ते डबीवरून कळत नाही. ओल्या फडक्याने पुसा. ड्रमला आतून खोल चर पडले असतील तर नवा लायनरही टिकणार नाही. कॅमला ग्रीस अगदी बोटभर नव्हे, पुसट लावा. लायनरला ग्रीस लागले की तो गेला, पेट्रोलने धुऊन भागत नाही. आणि ब्रेकच्या झाकणाला मागच्या चिमट्याशी बांधणारी जी लोखंडी पट्टी असते, तिचा बोल्ट आणि पिन स्वतः उभे राहून बघा. ती सुटली तर ब्रेक लावताच झाकण चाकाबरोबर फिरते, पुढचे सांगायला नको. शेवटी मागचा लाल दिवा पेडलबरोबर लागतो का, तेही तपासा. नवा लायनर बसेपर्यंत काही दिवस ब्रेक थोडा कमी लागेल, ओझे न्यायची घाई करू नका.

मागे डिस्क असेल तर पॅडमधला चर बघा. चर बुजला की पॅड संपला. नवे पॅड टाकून निघण्यापूर्वी पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्या, नाहीतर पहिल्याच वळणावर पेडल रिकामे जाईल.

आता नियमांचे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. एकत्रित ब्रेकवाल्या मोटारसायकलीत पेडल दाबले की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. म्हणजे पेडलकडची जुळणी बिघडली तर दोन्हीकडचा तोल बिघडतो. नट अंदाजाने आवळायची ही गाडी नाही. जून २०२५ मध्ये मंत्रालयाने जवळजवळ सर्वच नव्या दुचाकींना एबीएस देण्याचा मसुदा काढला. चांगली गोष्ट आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढेच. संपलेल्या लायनरला ते जीव आणू शकत नाही. शिवाय गावातल्या निम्म्याअधिक गाड्या जुन्याच दिसतात.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनाही थोडे सांगायचे आहे. ताशी ५० किलोमीटरने येणारा माणूस एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जातो. वळणावर सांडलेली खडी, उसाच्या ट्रॉलीने डांबरावर आणलेला चिखल, रंग न दिलेला गतिरोधक, हे त्याला तेवढ्यातच दिसते. गाळप हंगामात रस्त्यावरचा चिखल काढायचे काम कोणाचे, ट्रॅक्टरवाल्याचे की पंचायतीचे, हे हंगामाआधीच्या ग्रामसभेत ठरवून ठरावात लिहून घ्या. त्याच दिवशी गावातल्या कारागिराला बोलावून पंचायतीसमोर उभ्या असलेल्या गाड्यांचे बाण बघून घेतले, तर तासाभराचेही काम नाही.