‘जुगाड’ म्हणू नका

चित्रपटावर बोलताना आपल्या वाङ्मयसमीक्षेला वजनाचे वावडे असते. पडदा म्हणजे संहिता, कॅमेरा म्हणजे ‘दृष्टी’. चौकट थरथरली की लगेच ‘अस्वस्थ वास्तव’. हातात कॅमेरा पेलला नसेल, ही शक्यता वर्गात कुणी उच्चारतही नाही. आणि छोट्या कॅमेऱ्यासाठीच्या स्टॅबिलायझरवर एखाद्याने जड कॅमेरा बसवून दाखवला, तर आपण कौतुकाने म्हणतो, जुगाड! ही शाबासकी नव्हे. यामागे विचार नव्हता, नुसती हातचलाखी होती, असेच त्यातून सुचवले जाते.

विचार कसा असतो ते पाहू. गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात घडवलेल्या स्टेडिकॅमपासून तत्त्व तेच आहे: वर कॅमेरा, खाली प्रतिभार, मध्ये सर्व दिशांना फिरणारा सांधा आणि गुरुत्वमध्य त्या सांध्याच्या किंचित खाली. दांड्याचे वजन सोडून ढोबळ हिशेब करू. दोन किलोचा कॅमेरा सांध्याच्या १५ सेंमी वर असेल, तर ३० सेंमी खाली एक किलो पुरतो. कॅमेरा चार किलोचा झाला की खाली दोन किलो लावावे लागतात. मग मनगटावर तिनाऐवजी सहा किलो येतात. दांडा लांबवून तोच एक किलो ६० सेंमीवर नेला तर भार पाचच. पण वेरूळच्या कैलास लेण्यात पायऱ्या चढताना दांडा गुडघ्याला लागणार. किंवा सांधाच कॅमेऱ्याकडे सरकवायचा: वर ९, खाली ३६. यांतले काय निवडायचे, हे चित्रणाच्या आशयावरच ठरते. (मोटरवाले गिंबल आले तरी आधी तोल हातानेच साधावा लागतो, नाहीतर मोटर थरथरते.)

मर्ढेकरांच्या लयविचारातला ‘समतोल’ आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. तोच धातूत दिसला की मात्र आपली परिभाषा संपते! कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांना आपण कलामहर्षी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मग छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या विद्यार्थ्याने वाळूजच्या लेथवर प्रतिभार कातून घेतला, तर तो कलाविचाराबाहेर कसा?

एम. ए.च्या चित्रपटविषयक प्रश्नपत्रिकेत यंदा एवढे तरी विचारा: या दृश्यातला कॅमेरा किती जड होता, आणि तो कशाच्या आधाराने पेलला गेला?