ट्रकची वजनमर्यादा वाढली, मग रस्त्यांचं आणि ब्रेकचं काय? समजून घ्या

घाटात ट्रकचा ब्रेक फेल झाल्याचा व्हिडिओ आला की खाली एक कमेंट हमखास असते : 'ओव्हरलोड असणार!' पण ओव्हरलोड म्हणजे नेमकं किती? ही रेषा सरकारनेच २०१८ मध्ये वर सरकवली आहे. त्याचा फायदा कुणाला झाला आणि किंमत कोण मोजतंय, ते पाहू.

नेमकं काय बदललं?

१६ जुलै २०१८ रोजी नितीन गडकरी यांच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मालवाहू गाड्यांच्या एक्सलवर किती वजन चालेल, याचे नवे आकडे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात त्यात थोडी दुरुस्ती झाली. साध्या सहाचाकी ट्रकचं उदाहरण घ्या. पुढच्या एक्सलची मर्यादा ६ वरून ७ टन आणि मागच्या एक्सलची १०.२ वरून ११.५ टन झाली. म्हणजे गाडी आणि माल मिळून १६.२ ऐवजी १८.५ टन. मोठ्या ट्रेलरसाठी कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली.

वाढ जेमतेम १४ टक्के वाटते ना? पण रिकाम्या ट्रकचं वजन तर तेवढंच राहतं. ते ६ टन धरलं, तर आधी १०.२ टन माल बसायचा, आता १२.५ टन. म्हणजे मालात सुमारे २२ टक्के वाढ.

सरकारने हे का केलं?

कारण हिशोबात आहे. १,००० टन माल हलवायला आधी ९८ खेपा लागायच्या, आता ८० पुरतात. डिझेल वाचतं, धूर कमी होतो, मालाचा वाहतूक खर्च उतरतो. शिवाय बरेच ट्रक आधीपासूनच जादा माल भरून धावत होते. त्यातला काही भाग या निर्णयामुळे कायदेशीर झाला.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण रस्त्याची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर महिनोन्‌महिने ट्रक फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा रस्ते अभियंते आजही वापरतात : रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळा पट.

हाच नियम लावला तर १०.२ वरून ११.५ टनांवर गेलेला मागचा एक्सल प्रत्येक फेरीत रस्त्याला सुमारे ६२ टक्के जास्त मार देतो. खेपा ९८ वरून ८० वर आल्या हे धरूनही तेवढ्याच मालामागे एकूण मार ३२ टक्क्यांनी वाढतो. डिझेलची बचत व्यापाऱ्याच्या खिशात जाते, पण रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून होतो.

दुसरी अडचण ब्रेकची. उतारावर गाडी आवरताना तिच्या वजनाच्या प्रमाणात ब्रेकमध्ये उष्णता तयार होते. वजन १४ टक्के वाढलं की उष्णताही तेवढीच वाढते. बोरघाट असो की पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, अशा ठिकाणी हा फरक जिवावर बेतू शकतो. नवीन ट्रक वाढीव वजन धरूनच बनवता येतात. जुन्या गाड्यांचं काय? त्यांचे पाटे, एक्सल आणि ब्रेक जुन्याच आकड्यांवर तपासलेले होते. म्हणूनच ही वाढ जुन्या गाड्यांना लागू होते की नाही, यावर तेव्हा बराच गोंधळ उडाला.

ट्रकमालकांचं भलं झालं का?

पूर्णपणे नाही. प्रत्येक गाडीत जास्त माल बसू लागला की तेवढ्याच मालाला कमी गाड्या लागतात. मग भाड्यासाठी घासाघीस सुरू होते. २०१९ मध्ये ट्रकची विक्री घसरली, तेव्हा मंदीबरोबर या निर्णयाचंही नाव घेतलं गेलं. आणि भाडं पुरत नसलं की मालक पुन्हा नव्या मर्यादेच्या वर माल भरायला बघतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यातल्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, अशी २०१९ ची दुरुस्ती आहे. ३ टन जादा माल सापडला तर २६,००० रुपये. आधी एवढ्यालाच ५,००० रुपये पडायचे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे कलम फक्त चालकासाठी नाही. गाडी तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही त्यात येतो. पण रस्त्यावर हाती सापडतो तो चालकच. गोदामात किंवा खाणीवर माल भरायला सांगणारा तिथे नसतो.

म्हणून नुसता दंड वाढवून भागणार नाही. माल भरतो तिथेच वजनकाटा हवा आणि पावतीवर भरून देणाऱ्याचंही नाव हवं. पुढच्या वेळी वजनमर्यादा वाढवायची चर्चा निघाली, तर 'किती टन जास्त' या आकड्याबरोबर 'किती एक्सलवर' हेही विचारा. तोच माल जास्त एक्सलवर वाटला, तर रस्त्याला बसणारा मार कमी होतो.